किल्ल्यांचा क्रम : रूढीपासून नियमापर्यंत

१/५ मे १९९५. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना सिद्ध केला. या भाषेतील ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्यांचा संच. ‘शहर’ ही किल्ली, ‘पुणे’ हे तिचे मूल्य.

२/५ जोड्या एकेक करून वाचताना आधी कोणती यावी? १९९७ च्या पहिल्या ईसीएमएस्क्रिप्ट प्रमाणकाने हा निर्णय ब्राउझर घडवणाऱ्यांवर सोपवला. ज्या क्रमाने जोड्या लिहिल्या त्याच क्रमाने परत देण्याची रूढी पडली. प्रोग्रामर तिच्यावर विसंबले.

३/५ २००८ मध्ये गूगल क्रोम अवतरला. त्याचे व्ही८ इंजिन पूर्णांकी किल्ल्या चढत्या क्रमाने आधी देई. २० नंतर ३ लिहिले, तरी वाचताना ३ पुढे! हेतुपूर्वक लावलेल्या याद्या विस्कटल्या. तक्रारी झाल्या; पण नियमभंग झालाच नव्हता, कारण नियमच नव्हता.

४/५ २०१५ च्या आवृत्तीने क्रम लेखी केला : आधी चढते पूर्णांक, मग अक्षरी किल्ल्या निर्मितीच्या क्रमाने. ‘फॉर-इन’ आणि ‘ऑब्जेक्ट.कीज’ मात्र २०२० पर्यंत या बंधनाबाहेर राहिले.

५/५ नियम रूढीमागून आला खरा; पण ज्याने जुनी रूढी मोडली, त्याचीच रीत अखेर नियम ठरली.