कर्मॅक–मॅकेंड्रिक प्रतिमान
साथीच्या फैलावाचे गणिती प्रतिमान. एडिंबरोतील विल्यम कर्मॅक व अँडरसन मॅकेंड्रिक यांनी ते १९२७ मध्ये मांडले. मॅकेंड्रिक पूर्वी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये डॉक्टर होते. कर्मॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतील स्फोटात गेली होती. या प्रतिमानात लोकसंख्येचे तीन गट मानतात : लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि बरे झालेले वा दगावलेले. पहिला गट एका मर्यादेखाली गेला की साथ ओसरू लागते, त्यासाठी सर्वांना लागण व्हावी लागत नाही. हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा. पडताळ्यासाठी मुंबई बेटावरील १९०५-०६ च्या प्लेगचे साप्ताहिक मृत्यू घेतले होते. आलेख सुरेख जुळला, पण उदाहरणाची निवड फसलेली म्हणावी लागेल : तो प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरत होता, माणसाकडून माणसाकडे नव्हे.