ऑक्सिडीकारक ताण व वार्धक्यातील रक्तमेद

पेशींत तयार होणारी ऑक्सिजनयुक्त मुक्त मूलके आणि त्यांना आवरणारी प्रतिऑक्सिडीकारके यांचा तोल ढळणे, म्हणजे ऑक्सिडीकारक ताण. वयाबरोबर तो वाढतो. मुक्त मूलकांमुळे म्हातारपण येते, हा डेनम हारमन यांचा सिद्धांत १९५६ चा. आज तो अपुरा ठरला आहे.

मूलकांचा मारा मेदाम्लांतील दुहेरी बंधांवर होतो. गडहिंग्लज परिसरातल्या भुईमुगाचे दाणे कूट करून पावसाळ्यात उघडे ठेवले, तर काही दिवसांत खवट होतात. त्यामागची एक मुख्य विक्रिया हीच. भुईमुगाच्या तेलातले लिनोलेइक आम्ल तिला लवकर बळी पडते, ओलेइक आम्ल त्या मानाने टिकते.

रक्तात हे संकट कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एलडीएल कणांवर येते. धमनीच्या भिंतीत अडकलेला कण ऑक्सिडीभूत झाला, की भक्षकपेशी त्याला गिळत सुटतात आणि फुगून फेनपेशी होतात. त्यातून धमनीकाठिण्य सुरू होते. एचडीएल या दुसऱ्या प्रकारच्या मेदवाहक कणांवरील पॅराऑक्सोनेज हे विकर यापासून काहीसे संरक्षण देते, पण उतारवयात त्याची क्रियाशीलता मंदावते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर एलडीएलचे प्रमाणही चढते.

मग प्रतिऑक्सिडीकारक गोळ्या घ्याव्यात का? ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या चाचण्यांत हृदयविकार कमी झाला नाही. स्टॅटिन औषधे, तंबाखू सोडणे व नियमित चालणे यांचा उपयोग मात्र सिद्ध आहे.