लाल दिव्याचा हक्क कोणाचा?

आगीच्या बंबाला वाट मिळते ती आगीच्या तातडीमुळे, गाडीत बसलेल्याच्या हुद्द्यामुळे नाही. आपल्या कायद्याला हे तत्त्व सुरुवातीपासून माहीत होते, पण ते त्याने बराच काळ पातळ होऊ दिले. १९८९च्या रस्ता नियमांत बंब किंवा रुग्णवाहिका जवळ येताच वाहन कडेला घेण्याची सक्ती होती. त्याच वर्षीच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी अनेक सुरांच्या भोंग्यांना मनाई केली आणि अग्निशमनाच्या गाड्यांना त्यातून सूट दिली. लाल दिवा मात्र मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरही चढला. डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला आवर घातला आणि १ मे २०१७पासून हा मान संपला. मोठ्या पदावरच्या माणसाचा वेळही मोलाचा, असे म्हटले जाई. पण बैठक दहा मिनिटे खोळंबू शकते, जिन्यात कोंडलेला धूर थांबत नाही. शिवाय दर चौकात दिवा लुकलुकू लागला की खऱ्या बंबासाठीही कोणी हलत नाही.

सिग्नल ओलांडणारा बंबच कोणाला चिरडेल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१७च्या वाहनचालन विनियमांनी त्याची दखल घेतली: लाल सिग्नल ओलांडण्याची, वेगमर्यादा मोडण्याची मुभा आहे, पण तातडीच्या कामावर असताना आणि पुरेशी काळजी घेऊनच. म्हणजे भोंगा वाजला तरी चालकाची जबाबदारी सुटत नाही. वाट अडवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत.