रोगाचा पत्ता

गाठ वाटून एकजीव केली की कोणती पेशी कुणाच्या शेजारी होती, हे हरवतं. म्हणून पातळ कापातली जागा न हलवता जनुकांची हालचाल मोजण्याचं एक तंत्र स्टॉकहोमच्या संशोधकांनी 2016 मध्ये मांडलं. रोग कुठे आहे हीच माहिती, हा विचार माणसांच्या पातळीवर धाराशिवकडे आधीच राबवला गेला होता. 1987 मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भूम आणि परंडा तालुके तिच्यात होते. दवाखान्याच्या वहीत फक्त तिथवर पोचलेलेच रुग्ण येतात. म्हणून कर्मचारी गावोगाव बैठका घेत, अंगावरून जाणं, तोंडातली न भरणारी जखम अशी लक्षणं समजावत.

तुलना ताणलेली वाटेल; पेशीची एसटी चुकत नाही. तरी पुरावा पाहा. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गावांचे 52 समूह चार गटांत वाटून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच केलेल्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले, असं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. पॅप स्मीअर किंवा अ‍ॅसिटिक आम्ल लावून केलेल्या तपासणीने तसा ठळक फरक दिसला नाही. चौथ्या गटाला तपासणीच मिळाली नाही, हा आक्षेप मला रास्त वाटतो. निष्कर्ष मोलाचा म्हणून हा आक्षेप पुसला जात नाही. पण गावच एकक धरलं नसतं, तर हा फरक मोजता आला असता का, याचीही शंका आहे.