रिकाम्या कंसाचा इतिहास

गणपती आले की आपल्याकडे मखराच्या दोन तऱ्हा पाहावयास मिळतात. कुणाचे मखर माळ्यावर तयार असते. ते खाली काढावयाचे आणि मूर्ती बसवावयाची. दुसरा सुताराकडे जाऊन माप सांगतो. सुतार आधी मखर करून देतो, मूर्ती त्यात मागाहून बसते. आज आम्हांस सांगावयाचा इतिहास याच दोन तऱ्हांचा आहे, मात्र तो घडला संगणकाच्या पायथॉन नावाच्या भाषेत.

या भाषेत एखादे काम करणाऱ्या सूचनांच्या गटास फंक्शन म्हणतात. त्या फंक्शनला आतून हात न लावता त्याभोवती आणखी एक सोय उभारावयाची, हे डेकोरेटरचे काम. पूर्वीही हे साधत असे. पण फंक्शन लिहून संपल्यावर तळाशी त्याचे नाव पुन्हा दोनदा लिहावे लागे. लांबलचक फंक्शन वाचणाऱ्यास मखराचा पत्ता शेवटी लागावयाचा! जून २००३ मध्ये यावर रीतसर प्रस्ताव आला. चिन्ह कोणते घ्यावे यावरून बरीच खडाजंगी झाली. अखेर भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी ई-मेलच्या पत्त्यातले 'ॲट'चे चिन्ह मुक्रर केले, आणि ३० नोव्हेंबर २००४ रोजी निघालेल्या पायथॉन २.४ मध्ये सजावट फंक्शनच्या माथ्यावर चढली.

चिन्हापुढे नुसते नाव असले तर ते तयार मखर. फंक्शन थेट त्यात जाते. नावापुढे कंसात माप दिले तर तो सुतार. तो आधी डेकोरेटर घडवितो. गोची अशी की, सारी मापे सुताराच्या पसंतीवर सोडली तरी रिकामा कंस लिहून त्याला हाक मारावीच लागे. कंस विसरला, की माप मागणाऱ्या सुताराच्या हाती आपण मूर्तीच ठेवली म्हणून समजावे.

फेब्रुवारी २०११ मध्ये पायथॉन ३.२ बरोबर 'एलआरयू कॅश' हा डेकोरेटर आला. एकदा काढलेले उत्तर तो जपून ठेवतो. किती उत्तरे ठेवावीत, हे त्याचे माप. तो रेमंड हेटिंगर यांनी दिला. त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्यास भरलेल्या पायकॉन इंडिया परिषदेत प्रमुख भाषण त्यांचेच होते. पण त्यांच्या या डेकोरेटरलाही तो रिकामा कंस लागे. विसरणाऱ्याचे फंक्शन संख्येच्या जागी जाऊन बसे. एका कंसापायी आमचीही एक संध्याकाळ फुकट गेली आहे.

ऑक्टोबर २०१९ च्या ३.८ आवृत्तीत हेटिंगर यांनीच हे दुरुस्त केले. हाती आलेली वस्तू फंक्शन आहे काय, हे आता आधी तपासतात. असल्यास १२८ उत्तरांची मर्यादा धरून तिलाच मखरात बसवितात. युक्ती नामी खरी, पण जुना नियम आम्हांस अगदीच टाकाऊ वाटत नाही. कंस म्हणजे हाक, एवढे त्यात स्पष्ट होते. नव्या युक्तीत सुताराने ओळखावयाचे, की हाती आले ते माप की मूर्ती. जेथे मापच एखादे फंक्शन असते, तेथे केवळ एवढ्या तपासणीने ते ओळखता येत नाही, आणि कंस घालावाच लागतो.