कृश, स्थूल आणि इन्सुलिनचें मोजमाप

मधुमेह कृशासहि होतो व स्थूलासहि होतो, ही गोष्ट आमच्या जुन्या वैद्यांस ठाऊक होती. सुश्रुतानें प्रमेहाचे सहज व अपथ्यजन्य असे दोन प्रकार सांगितले. पहिल्याचा रोगी कृश, अल्पाहारी व तृषार्त, तर दुसऱ्याचा बहुधा स्थूल, बहुभोजी व बिछान्याची आवड असलेला. परंतु पाहणें वेगळें आणि मोजणें वेगळें. हा भेद अंकांत उतरण्यास १९३६ साल उजाडावें लागलें.

१९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन हातीं आणलें, आणि पुढल्याच जानेवारींत एका चौदा वर्षांच्या मुलास तें टोचण्यांत आलें. त्या दिपवून टाकणाऱ्या यशानें मधुमेह म्हणजे इन्सुलिनची उणीव, हें समीकरण सर्वत्र रूढ झालें. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलांतील हॅरल्ड हिम्सवर्थ ह्या तिशींतल्या वैद्यानें तें तपासून पाहिलें. रोग्यास एकाच वेळीं तोंडानें साखर व शिरेंतून इन्सुलिन द्यावयाचें आणि रक्तांतील साखर मोजीत राहावयाचें, एवढीच त्याची युक्ति. कांहींची साखर इन्सुलिननें दाबून धरली; कांहींची मात्र इन्सुलिन जणूं दिलेंच नाहीं अशी चढत गेली. उणीव हेंच एकमेव कारण असतें, तर बाहेरून भर घातल्यावर दोघांसहि सारखाच गुण यावयास हवा होता! पहिल्या वर्गांत तरुण व कृश रोगी अधिक, दुसऱ्यांत वयस्क व स्थूल अधिक.

हें संशोधन बराच काळ उपेक्षित राहिलें. रक्तांतील इन्सुलिन खात्रीनें मोजण्याचें साधनच तेव्हां नव्हतें, हें त्याचें एक कारण असावें असें आम्हांस वाटतें. तें साधन न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनीं किरणोत्सर्गी आयोडिनच्या साह्यानें सिद्ध केलें व १९६० सालीं प्रसिद्ध केलें. पुढें असें दिसून आलें कीं, मधुमेह नसलेल्या स्थूल माणसांच्याहि रक्तांत इन्सुलिन बहुधा अधिकच असतें. म्हणजे उणीव नव्हे, वैपुल्य. आणि तरीहि काम अपुरें.

तें अपुरेपण किती, हें मोजण्याची सर्वमान्य रीत डीफ्रोन्झो, टोबिन व अँड्रेस यांनीं १९७९ सालीं मांडली. मोरी उघडी असलेल्या हौदाची पातळी हलूं द्यावयाची नसेल, तर जेवढें पाणी वाहून जातें तेवढेंच ओतावें लागतें. ओतलेलें मोजलें कीं वाहिलेलें कळलें. त्याचप्रमाणें शिरेंतून एका ठराविक गतीनें इन्सुलिन सोडावयाचें, दर पांच मिनिटांनीं रक्त तपासावयाचें आणि साखर उतरूं नये इतकेंच ग्लुकोज ओतीत राहावयाचें. यकृताकडून येणारी साखर इन्सुलिनच्या ह्या मात्रेनें बहुतेक बंद झालेली असते. म्हणून ओतलेलें ग्लुकोज तेंच शरीरानें वापरलेलें. ज्यास अधिक ओतावें लागतें तो इन्सुलिनास अधिक संवेदनशील.

येथें भागाकाराचा एक प्रश्न उभा राहतो, व तो क्षुल्लक नाहीं. हें ग्लुकोज मुख्यतः स्नायु घेतात, चरबी फारच थोडें घेते. मग एकूण वजनानें भागिलें तर स्थूल माणूस आहे त्याहून असंवेदी ठरतो! म्हणून चरबी वगळून उरलेल्या वजनानें भागणें आम्हांस न्याय्य वाटतें. तसें करूनहि स्थूलांची सरासरी खालींच राहते. मात्र कांहीं स्थूल कृशांच्या बरोबरीचे निघतात आणि कांहीं कृश स्थूलांच्या पंक्तींत जाऊन बसतात.

कृश कोणास म्हणावें, हाच प्रश्न पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें स्वतःचेंच छायाचित्र छापून विचारला. उंचीच्या मानानें वजनाचा दोघांचा अंक एकच, २२·३. अंगांतील चरबी मात्र युडकिनांची शेंकडा ९·१ आणि याज्ञिकांची २१·२. त्याच्या आदल्या वर्षीं पुणें परिसरांतील नवजात अर्भकांची तुलना इंग्लंडांतील साउदॅम्टनच्या अर्भकांशीं प्रसिद्ध झाली होती. तेथील सरासरी वजन ३·५ किलो, येथील २·७. स्नायु त्याच मानानें उणे, पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र थोडीच उणी.