पुंड्याचे बेणे: नगर जिल्ह्यातील उसाच्या टिपरीचा इतिहास

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या उत्तर भागाचा आधुनिक इतिहास सहसा धरणे, कालवे आणि साखर कारखाने या क्रमाने सांगितला जातो. परंतु ज्याच्यावाचून कालव्याचे पाणी ओढ्यांना जाऊन मिळाले असते आणि कारखान्याची गव्हाण रिकामी राहिली असती, त्या बेण्याचा उल्लेख या कथनात क्वचितच येतो. बेणे म्हणजे लागणीसाठी राखलेला ऊस, आणि त्याचे तोडलेले दोन-तीन पेरांचे कांडे म्हणजे टिपरी. प्रत्येक पेरावर एक डोळा, म्हणजे सुप्त अंकुर असतो आणि तो सरीतल्या ओलीत फुटून नवे बेट धरतो. हे बेट मूळ उसाचे अपत्य नसते, तर त्याच उसाचा विस्तार असते. एका जातीचे शेत दहा हजार एकरांवर पसरले, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो एकच ऊस असतो.

या गोष्टीचे व्यावहारिक परिणाम मोठे आहेत. ज्वारीचे बी कणगीत वर्षभर राहते. उसाची टिपरी मात्र तोडल्यावर झपाट्याने सुकते, एकरी तिचे वजन टनांत भरते, आणि म्हणून ती पाचटाखाली झाकून लगोलग शिवारात न्यावी लागते. बेणे दहा-अकरा महिन्यांचे, कोवळे आणि रसरशीत लागते. शेंड्याकडचे डोळे लवकर फुटतात आणि बुडख्याकडचे उशिरा, त्यामुळे एकाच उसाच्या टिपऱ्याही सारख्या उगवत नाहीत. अशा नाशवंत आणि जड मालाचा दूरवरचा व्यापार फोफावणे अवघड होते, म्हणून बेणे माणसांबरोबर आणि ओळखीपाळखीनेच प्रवास करी.

1885 मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाल्यावर पुरंदर-सासवडकडील माळी बागाईतदार कालव्याच्या पाण्यावर खंडाने जमिनी घेऊन ऊस करू लागले. पुढे 1910च्या दशकात नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेले गोदावरी कालवे कोपरगाव भागात पोहोचले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि त्यांना बारमाही आधार देणारे भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पुरे झाले. तेव्हा याच माळ्यांपैकी अनेक कुटुंबे कोपरगाव आणि बेलापूरच्या बाजूला सरकली. बाजरी-ज्वारीच्या या मुलखात उसाचा मोठा साठा नव्हता, म्हणून पहिले बेणे जुन्या बागाईतीतून आणणे भाग होते. स्थलांतराच्या इतिहासात भांडवल आणि कौशल्य यांची नोंद होते, पण या ओझ्याची होत नाही. ते खरे तर दोहोंइतकेच निर्णायक होते.

त्या काळातला दख्खनचा मुख्य ऊस म्हणजे पुंड्या. जाड, मऊ आणि रसाळ असलेला हा ऊस खाण्यास गोड व गुऱ्हाळास उत्तम होता, पण नाजूकही तितकाच होता. त्याला पेंडीचे भरपूर खत आणि वारंवार पाणी लागे, आणि कोल्हे व रानडुकरे यांचा उपद्रव होत असल्याने शेताला कूपही घालावे लागे. पिढ्यान्‌पिढ्या टिपरीमागून टिपरी लावली जात असल्यामुळे पुंड्याचे गुण अभंग टिकले आणि त्याच कारणाने त्याचे दोषही टिकले, कारण टिपरीच्या लागवडीत सुधारणेला वाव नसतो.

याच अडचणीचे टोकाचे उदाहरण जगाच्या दुसऱ्या टोकाला सापडते. 1994 मध्ये सिडनीच्या वायव्येकडील एका अरुंद दरीत वॉलेमी पाइन हा सूचिपर्णी वृक्ष आढळला. त्याच्या कुळाचे जीवाश्म कोट्यवधी वर्षांपूर्वीचे आहेत, तर प्रौढ झाडे शंभराच्या आत निघाली.  रोपे मिळवण्यासाठी तेथे मुख्यतः फाट्यांचा आधार घेतला गेला आणि 2006 पासून ती जगभर विकली गेली. या झाडांमध्ये आनुवंशिक भेद नगण्य असल्याने जो रोग एकाला मारील तो सर्वांनाच मारू शकतो, आणि म्हणून दरीत माणसाच्या बुटाला चिकटून आलेली मातीसुद्धा धोक्याची ठरते. वॉलेमीवर हा एकसारखेपणा निसर्गाने लादला, तर नगरच्या बागाईतीवर तो माणसाने आपल्या सोयीसाठी लादला.

पुंड्याची सद्दी मोडली ती ऊस बियापासूनही वाढवता येतो हे कळल्यावर. उसाला तुरा येतो, पण त्यात उगवणारे बी नसते, ही समजूत 1880च्या दशकाच्या अखेरीस जावा आणि बार्बाडोस येथील प्रयोगांनी दूर केली. बियापासून उगवलेले प्रत्येक रोप वेगळे निघते, आणि त्यातले एखादे सरस निघाले की त्याची टिपरी करून ते कायम करता येते. 1912 मध्ये कोईमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले आणि तेथे टी. एस. वेंकटरामन यांनी जाड उसाचा रानटी उसाशी संकर करून काटक वाण तयार केले. जावाच्या पीओजे 2878 आणि कोईमतूरच्याच को 290 यांच्या संकरातून 1933 मध्ये निवडलेला को 419 पुढे दख्खनभर पसरला. 1932 मध्ये नीरेकाठी पाडेगाव येथे सुरू झालेल्या संशोधन केंद्राने अशा वाणांची पारख केली.

वाणबदल इतका वेगाने का झाला, याचे उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. 1919 मध्ये स्थापन झालेली बेलापूर कंपनी हरेगावला हजारो एकर जमिनी खंडाने घेऊन स्वतःच ऊस पिकवत होती, आणि आयात साखरेवरील 1932च्या संरक्षक जकातीनंतर टिळकनगरसारखे खासगी कारखानेही याच पद्धतीने चालले. शेत आणि गाळप एकाच मालकाचे असल्यामुळे बेणे बदलण्याचा निर्णय कार्यालयात होई आणि त्यानुसार सगळी शेते पालटत. ज्यांच्या जमिनी कंपनीकडे गेल्या, त्या खंडकरी शेतकऱ्यांना या निर्णयात स्थान नव्हते, ही बाब शेतीसुधारणेच्या कौतुकात सहसा गाळली जाते.

सहकारात प्रश्न उलटा झाला. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांनी लोणीला उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51चा. सभासदाची जमीन आणि बेणे दोन्ही त्याचीच असल्यामुळे शेजाऱ्याच्या फडातून मिळेल ते बेणे लावण्याची जुनी रीत चालूच राहिली, आणि तिच्याबरोबर काणी आणि गवताळ वाढ हे बेण्यातून पसरणारे रोगही फिरत राहिले. म्हणून मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशी तीन टप्प्यांची बेणे मळ्यांची पद्धत आली. पहिल्या टप्प्यात टिपरीला उष्ण दमट हवेची प्रक्रिया देऊन रोगमुक्त केले जाते, आणि त्यापुढची वाढ कारखाना व निवडक शेतकरी यांच्या मळ्यांत होते. 1968 मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे पाडेगाव केंद्र आल्यावर वाणांचा ओघ वाढला. तोवर प्रचलित असलेला को 740 मागे पडून 1996 मध्ये प्रसारित झालेला को 86032, म्हणजे ‘नीरा’, आणि 2007चा फुले 265 हे मुख्यतः आकड्यांनी ओळखले जाणारे ऊस आले.

हेक्टरी सुमारे 25,000 दोन डोळ्यांच्या टिपऱ्या लावण्याऐवजी आता अनेक ठिकाणी कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये एका डोळ्यापासून तयार केलेली रोपे लावली जातात. त्यामुळे बेण्याचे वजन घटले, दूरची वाहतूक शक्य झाली आणि पूर्वी ओळखीने मिळणारे बेणे रोपवाटिकेत नगावर विकत मिळू लागले. या रोपवाटिकांच्या ट्रेमध्ये नीरा आणि 265 असतात, पुंड्या नसतो.